कुंडमामींचा पांढरा कॅन

सर्दी झाली, सासूशी वाजलं, पोरगं नापास झालं, कंबर धरली, काही असो, आमच्या कुंडमामींकडे औषध एकच. "चल गो अकलोलीला. कुंडात बस. मग बघू." आणि खरं सांगते, मग बघण्यासारखं फारसं उरायचं नाही.

ऐंशीनंतरचा काळ. मुलुंडच्या चाळीत त्या माझ्या शेजारच्या खोलीत राहायच्या. मूळच्या राजापूरकडच्या. त्यांच्या गावाजवळ जमिनीतूनच गरम पाणी वर येतं, तिकडे त्याला उन्हाळं म्हणतात. त्यात डुंबून वाढलेली ही बाई लग्न होऊन आली ती नळाच्या करंगळीएवढ्या धारेपाशी. पुढे कुणीतरी सांगितलं, वज्रेश्वरीच्या जवळ अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. झालं! महिन्या-दोन महिन्यांनी ठाण्याला जाऊन एसटी धरायची म्हणजे धरायचीच. मामा गिरणीत होते, संपानंतर घरी बसले. तरी मामींची फेरी चुकली नाही. "संप गिरणीचा. माझा नाय," म्हणायच्या.

त्यांच्या पायातली चांदीची जोडवी कायम काळी. कुंडाच्या पाण्यात गंधक असतं ना, त्यानं चांदी काळी पडते. आम्ही म्हणायचो, मामी, रांगोळीनं घासा की. त्या पाय पुढे करून दाखवायच्या. "काळी पडली म्हणजे पाणी खरं. घासू कशाला?"

आणि तो कॅन. गोड्या तेलाचा रिकामा पांढरा कॅन त्या सोबत न्यायच्या आणि कुंडाच्या पाण्यानं भरून आणायच्या, कशासाठी, तर ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी. मुलुंडला पोचेपर्यंत ते पाणी गार व्हायचं. मग मामी ते स्टोव्हवर तापवायच्या! मामा हसून म्हणायचे, "अगो, नळाचं तापवलंस तर खांदा तरी वाचेल तुझा."

"तुम्हांला काय कळतंय? हे आधी तापलेलं पाणी आहे. त्याला सवय असते. परत लवकर तापतं."



आता माझं सांगते. एका सकाळी माझ्या घरात स्टोव्हचा भडका उडाला. बर्नर पुरता तापायच्या आत मी घाईनं पंप मारला, रॉकेल उसळलं, आणि डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भाजला, मानही भाजली. जीव वाचला, जखमा भरल्या. पण काडी ओढल्याचा आवाज आला तरी मी खोलीबाहेर पळायचे. स्टोव्हजवळ जाणं होईना. आमचे हे पहाटे उठून भात-आमटी करून कामावर जायचे. आणि वर बायकांचं ते हळू आवाजात विचारणं, "स्टोव्हच होता ना गं?" त्या काळात पेपरात अशा भडक्यांच्या बातम्या यायच्या, आणि त्यातले सगळेच भडके स्टोव्हचे नसायचे, हे साऱ्यांना ठाऊक. माझ्या नवऱ्यासारखा गरीब माणूस, तोही खाली मान घालून जिना उतरायला लागला. मी हळदीकुंकवाला जाणं सोडलं, नंतर नळावर जाणंही सोडलं.

एक दिवस मामी पिशवी घेऊन दारात. "सुमन, ऊठ. एसटी चुकेल."

"मामी, गरम पाणी नको हो. वाफ बघितली तरी मला..."

"तिथे जाळ नाय गो. चूल नाय, स्टोव्ह नाय, काडी नाय. पाणी आपलं आपण गरम. घाबरतेस कुणाला?"

गेले. बायकांच्या कुंडाला भिंतीचा आडोसा होता, पण आत दहा-बारा जणी होत्याच. मी काठावर पदर लपेटून बसले. मामींची रीत ठरलेली. आधी पावलं, मग गुडघे, मग कंबर. "एकदम शिरायचं नाय. पाण्याला आपली ओळख होऊ दे." माझी पावलं त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्यात सोडली. हळूहळू पदर सुटला. लगेच समोरची एक जाडजूड बाई म्हणाली, "अगंबाई! कशानं भाजलं हो एवढं?"

मामी कडाडल्या, "तुझ्या पोटावर टाके दिसतात, मी विचारलं काय? इथे सगळ्याच काही ना काही घेऊन आल्यात. बस गप, लागू दे पाणी."

मला वाटलं, आता जुंपणार. पण ती बाई खदखदून हसली. "तेही खरंच हो," म्हणाली आणि सरकून तिनं मला पाणी जिथून येतं तिथली जागा दिली. मानेपर्यंत पाण्यात बसले. किती महिन्यांनी उष्ण काहीतरी अंगाला लागलं आणि मी दचकले नाही. रडले मात्र भरपूर. मामी शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळून दिला आणि तांदळाची भाकरी, लसणीची चटणी पुढ्यात ठेवली.

असं तीन-चारदा गेलो. मग एका संध्याकाळी मामी कॅन घेऊन माझ्याकडे आल्या. "सुमन, माझा खांदा आखडलाय गो. पंप मारवत नाय. एवढं पाणी तापवून दे."

मी म्हटलं, मामांना सांगा. तर म्हणे ते बाहेर गेलेत. आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मी काडेपेटी हातात धरून उभी राहिले. "बर्नर आधी तापू दे. घाई नाय. पावलं, गुडघे, कंबर," त्या हळूच म्हणाल्या. मी काडी ओढली. बर्नर तापला, मग पंप मारला. निळी ज्योत लागली. पाणी तापलं, मी त्यांचा खांदा शेकून दिला. रात्री हे आले तेव्हा ताटात माझ्या हातची भाजी होती. दोनदा मागून घेतली त्यांनी.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर आखडलेल्या खांद्याच्या मामी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढत होत्या!

पुढे काही वर्षांनी मामा-मामी कायमचे गावी निघाले. एसटी स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले होते. रडू आवरेना.

"रडतेस काय? माझ्या गावाला घराजवळ उन्हाळं आहे. मी मजेत असेन. तू घरी जा आणि चहा टाक."

घरी आले तर माझ्या दाराशी तो कॅन, कुंडाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. निघताना मामींनी कधी ठेवला, कळलंच नाही. डोळे पुसले नाहीत, लुगडं बदललं नाही. पातेल्यात ते पाणी ओतलं, बर्नर नीट तापू दिला आणि पंप मारला.

मामी म्हणायच्या ते खोटं नव्हतं हो. पाणी लवकर तापलं.