दोन फाकांचं चाक

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली मी नाशिकच्या एका फिरत्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना म्हणजे एक जीप, एक डॉक्टर, औषधांच्या दोन पेट्या आणि बारकू ड्रायव्हर. आठवड्यातून दोनदा आम्ही सावळघाट चढून पेठला जायचो आणि बाजाराच्या दिवशी हरसूलला. पावसाळ्यात पाड्यांवर जाणारा रस्ता म्हणजे नुसता लाल चिखल.

जीप लष्कराच्या लिलावातली, जुनी. तिच्या चाकाची रिम अखंड नव्हती. पेरू चिरून दोन फाका कराव्यात तशी ती दोन भागांची होती, आणि दोन्ही फाका आठ नटांनी एकमेकींना आवळलेल्या होत्या. आत, टायरच्या पोटात, एक लोखंडी कडं असायचं. ते कडं टायरच्या दोन्ही कडा रिमला दाबून धरतं. त्यामुळे चिखलात हवा कमी करून गाडी चालवली तरी टायर रिमवरून निसटत नाही. डोंगरातल्या कामाला याहून चांगलं चाक नाही, असं बारकू म्हणायचा. धोका मात्र एक होता. आत हवा असताना ते आठ नट सोडले, तर वरची फाक सुटून अंगावर येते. समोर माणूस असला तर त्याचं काही खरं नाही.

सहादू गांगुर्डेच्या बाबतीत तेच झालं होतं.

सहादू नाशिकच्या पेठ नाक्याजवळ, बुद्धविहाराला लागून असलेल्या वस्तीत राहायचा. शहरातल्या एका गॅरेजमध्ये तो टायरचं काम करी. असली चाकं खोलण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. शहात्तर सालच्या श्रावणात एक चाक खोलताना फाक उडाली आणि त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. सरकारी दवाखान्यात अडीच महिने पडून राहिल्यावर हात वाचला, पण तो पुन्हा कधी सरळ झाला नाही, आणि बोटांत जोर राहिला नाही.

गॅरेजवाल्यांनी सांगितलं, याने हवा सोडलीच नव्हती, प्यालेला असणार. सहादू पगाराच्या दिवशी थोडी घ्यायचा हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. सहादूचं एकच म्हणणं होतं, की मी वॉल्व्हची पिन काढली होती, हवा जाण्याचा आवाज पूर्ण थांबला होता, मगच नटांना हात लावला. हे तो वस्तीत प्रत्येकाला सांगत राहिला. लोक मान हलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. शेवटी त्याने सांगणं सोडून दिलं. सायकलमध्ये कोणी हवा भरत असलं तरी तो उठून घरात जाई.

त्याची बायको चांगुणाबाई बांधकामावर पाट्या टाकायला जाऊ लागली. पुढे तिने मला सांगितलं ते असं, की नवऱ्याशी ती कधी भांडली नाही, पण त्याच्यावर तिचा विश्वासही बसला नव्हता. त्या दिवशी पगार नव्हता, तोंडाला वास नव्हता, हे तिला आठवत होतं. तरी सगळे म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, असं तिला वाटायचं.

त्या अपघातानंतर गावात असली चाकं कोणी हातात घेईना. अठ्ठ्याहत्तरच्या जून महिन्यात आमच्या जीपला चिखलात पकड घेणारे, खोल गुट्ट्यांचे नवे टायर आणि ट्यूब आले, आणि ते आठ दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात पडून राहिले. जुने टायर घासून गोटा झाले होते. हरसूलकडच्या एका वाडीत हगवणीची साथ होती आणि आम्ही वाटेत रुतून दोनदा परत आलो होतो. बारकू म्हणाला, सहादूला निदान विचारून तरी पाहू. एका रविवारी दुपारी आम्ही चारी चाकं आणि नवे टायर-ट्यूब हातगाडीवर घालून त्याच्या दारात गेलो.

सहादूने चाकं पाहिली आणि तो उंबऱ्यात पाठ फिरवून बसला. बारकूने त्याला पुष्कळ समजावलं. हात लावू नको, नुसतं तोंडाने सांग, म्हणाला. चांगुणाबाई भांडी घासत होती. तिने हात धुतले, पदर खोचला आणि ती चाकापाशी येऊन बसली. रविवारी सहादू घरी काम आणायचा तेव्हा टायर उचकटायची पट्टी धरायला, पंप मारायला तीच असायची. अवजारं अजून घरात पोत्यात बांधून होती.

“मी सोडते,” ती म्हणाली. “तुमी सांगा.”

“एक हात गेला तेवढा बस झाला,” सहादू भिंतीकडे बघत म्हणाला.

ती ऐकणारी नव्हती. तिने चाक आडवं पाडलं, वॉल्व्हची पिन फिरवून काढली. हवा सुसाट निघाली, मग कमी होत होत थांबली. बारकूने टायर पायाने दाबून पाहिला. लष्करी टायर इतके जाड असतात, की रिकामे असले तरी दबत नाहीत. हवा गेली, असं म्हणून त्याने पान्हा उचलला आणि पहिल्या नटावर बसवला.

तेवढ्यात सहादू म्हणाला, “थांबा. मी बी असंच सोडलं व्हतं.”

चांगुणाबाईने बारकूच्या हातातून पान्हा काढून घेतला. तिने आजूबाजूला पाहिलं. भिंतीशी सायकलचं एक मोडकं चाक होतं. त्यातला आरा उपसून तिने तो वॉल्व्हच्या भोकात घातला. बोटभर आत गेल्यावर तो अडकला. तिने तोंड बाजूला घेतलं आणि आरा पिळत आत दाबला.

आणि हवा सुटली. आधीपेक्षा मोठ्याने, अंगणातली धूळ उडवत. मी मनात आकडे मोजत होतो, चाळीसच्या पुढे गेलो तरी ती चालूच होती. आऱ्याच्या टोकाला पांढरट तांबडा लगदा लागून आला. ट्यूबला लावलेली पावडर पाण्याने भिजून, गंजात कालवून तिचा गोळा झाला होता. हवा जाताना तो आतून वॉल्व्हच्या तोंडाशी येऊन बुचासारखा बसला होता. आवाज थांबला होता, पण चाक अर्धंअधिक भरलेलं होतं.

चांगुणाबाईने आरा हातात धरून उंबऱ्याकडे पाहिलं. सहादू आमच्याकडे तोंड करून उभा होता.

“थांबला व्हता आवाज,” ती त्याला म्हणाली. “तुमी खरं बोलत व्हता. मीच ऐकलं नाय.”

सहादू चाकापाशी आला, उकिडवा बसला आणि त्याने डावा तळवा टायरवर ठेवला. मग नेहमीच्या कामातल्या आवाजात म्हणाला, आता आरा पुन्हा आरपार घाल, आणि मग नट सोड, पण रिमच्या समोर बसू नको.

त्या दिवशी पहिलंच चाक बसवायला दोन तास लागले. सहादू सांगत गेला तसं तिने दोन्ही फाका तारेच्या ब्रशने घासल्या, तडा आहे का ते नखाने चाचपलं, नव्या ट्यूबला कोरडी पावडर चोळली, थोडी हवा भरून ती गोल केली. टायर, ट्यूब, कडं सगळं बसलं. नट मात्र तिने एकाशेजारी एक असे आवळत नेले. एका बाजूला नख जाईल एवढी फट राहिली. बारकू म्हणाला, हवा भरल्यावर बसेल. सहादूने सगळे नट पुन्हा सोडायला लावले. मग समोरासमोरचे दोन, आडवे दोन, दरवेळी अर्धा फेरा, असं करत दोन्ही फाका एकमेकींना टेकवल्या. चाकाला साखळी गुंडाळून, नट जमिनीकडे करून ते पालथं घातलं. पंपाची नळी लांब होती, ती घराच्या कोपऱ्याआड नेली आणि तिथून मी पंप मारला. थोडी हवा भरून एकदा पूर्ण सोडली, म्हणजे ट्यूबच्या चुण्या निघाव्यात, आणि पुन्हा भरली.

चौथं चाक दिवेलागणीच्या आत झालं. ते बसवताना सहादूला काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्या वाडीपर्यंत पोचलो. परत आल्यावर चांगुणाबाईने बोलावून घेऊन सगळे नट पुन्हा तपासले. पहिल्या फेरीनंतर ते सैल पडतात.

त्यानंतर ती एकटी त्या गॅरेजात गेली. कागदात बांधलेला तो लगदा तिने मालकासमोर ठेवला आणि कामगार ऐकतील असं सगळं सांगितलं. मालक म्हणाला, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, आता काय त्याचं. माफी कोणी मागितली नाही. नुकसानभरपाईचं नावही निघालं नाही. पण कामगारांनी ऐकलं, आणि ऐकलेलं वस्तीत पोचलं. सहादू संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसू लागला.

काम वाढलं. लाकडाच्या ठेकेदारांच्या जीपा यायच्या, पेठचे, सुरगाण्याचे ड्रायव्हर यायचे. बाई बघून काही जण परत जायचे, मग दुसरीकडे कोणी नाही म्हणून पुन्हा यायचे. तडा गेलेली रिम ती सरळ नाकारायची, ड्रायव्हर कितीही गयावया करो. बांधकामावर जाणं तिने सोडलं. एक्याऐंशी साली त्या गॅरेजचा फोरमन स्वतः चाक घेऊन आला. चांगुणाबाईने कामाला हात घातला आणि सहादूने त्याला बसायला स्टूल दिलं. दोघं पाऊसपाण्याचं बोलले.

पंच्याऐंशीत दवाखान्याला नवी गाडी मिळाली, अखंड रिमची. माझी बदली नामपूरला झाली. जाण्याआधी मी त्यांना भेटायला गेलो. तोवर तशी चाकं कमी झाली होती आणि चांगुणाबाई ट्रॅक्टरचे टायर करू लागली होती. आकार मोठा, पण काम सोपं, म्हणाली. बोलता बोलता सहादूने मला विचारलं, हरसूलचा बाजार कसा असतो. मी सांगितलं.

“सात वर्षं आमची चाकं तिकडं गेली,” तो म्हणाला. “आमी नाय गेलो कधी.”

पुढे महिन्याभराने बारकूचं कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, की दोघं एसटीने हरसूलला गेली होती. चांगुणाबाईने नागली घेतली, आणि सहादू घाटात सारा वेळ खिडकीशी बसून होता.