पाच दिले म्हणून पाच मिळतात का?

एक तळहात डोक्याच्या वर, दुसरा कमरेपाशी, आणि मधल्या मोकळ्या जागेकडे बघत बाई विचारायच्या, "पाच दिले म्हणून पाच मिळतात का?"

रबाळ्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनायची. बाई तिथल्या मुख्य डिझायनर, मी नुकताच लागलेला इंजिनियर. त्यांचा प्रश्न ऑप-ॲम्पबद्दल असायचा. बाळाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा बारीक सिग्नल मोठा करणारी ही चिप. तिला पाच व्होल्टचा पुरवठा दिला, तरी तिचं आउटपुट पाचापर्यंत पोचेलच असं नाही. एखादी बरीच आधी थांबते.

कॅन्टीनमध्येही तेच. "आमच्या ह्यांना पिशवीभर भाजी सांगितली, अर्धी आली. पाच दिले म्हणून पाच मिळतात का?" आणि आमच्या आधी स्वतःच हसायच्या. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल.

चूक झाली ती नेमकी त्यांच्याच हातून.

नेहमीची चिप बाजारात मिळेना, म्हणून बाईंनी घाईत दुसरी निवडली. ती यंत्रं उरणच्या एका प्रसूतिगृहात गेलीसुद्धा. मग एका दुपारी, पुढची यंत्रं तपासताना, त्यांनी सेन्सर गरम पाण्यात बुडवला. मीटर चढत गेला आणि साडेतीन व्होल्टला अडकला. पाणी तर वाफाळत होतं. बाळ प्रमाणाबाहेर तापलं की भोंगा वाजायचा तो चार व्होल्टला. म्हणजे तो कधीच वाजणार नव्हता.

बाईंनी आधी प्रसूतिगृहाला फोन केला. "यंत्रं आत्ताच्या आत्ता बंद करा. भोंगा वाजणार नाही." मग मालकांकडे गेल्या. मी मागोमाग.

"साहेब, चिप मी बदलली. चूक माझी आहे. भोंगा वाजणार नाही, हे प्रसूतिगृहाला कळवलंय."

मालकांनी हातातली फाईल मिटली. "सर्व्हिसिंग आहे म्हणून सांगितलं असतं ना, बाई. उगाच टेन्शन कशाला?"

"त्यांच्याकडे बाळं आहेत, साहेब. त्यांना खरं कळायला हवं."

मालकांनी गाडीची किल्ली माझ्याकडे सरकवली. "जा. यांना एकट्यांना पाठवू नकोस."

वाटेत बाई पिशवीतल्या, जुन्या नमुना-यंत्रांतून काढून घेतलेल्या नेहमीच्या चिप पुन्हा पुन्हा चाचपत होत्या.

प्रसूतिगृहात एक वयस्कर नर्स पुढे आल्या, तिथल्याच गावच्या. बाईंनी नमस्कारही न करता विचारलं, "कुणाला काही झालं नाही ना?"

"काय व्हनार? सगली पोरं बरी हायेत," नर्स म्हणाल्या. "आमी घडीघडी हात लावून बघतो. नुसत्या मशीनवर कोन इसवास ठेवतंय?"

बाई तिथल्याच बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. नर्सने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी सांगायला आल्या ना? मग झालं."

मग बाईंनी डोळे पुसले, एकेका यंत्रातली चिप बदलली आणि गरम पाणी मागवून प्रत्येक भोंगा वाजवून दाखवला. आवाजाने पलीकडची सगळी बाळं जागी झाली. नर्स वैतागून म्हणाल्या, "आता बास करा, बाई!" तेव्हा कुठे बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

नोकरीच्या पहिल्याच दिवसांत मला हे बघायला मिळालं. आपली चूक आपल्या तोंडाने कशी सांगायची, हे पुढे कुणाला विचारावं लागलं नाही. हे त्यांना एकदा नीट सांगायचं होतं, पण राहून गेलं. मागच्या वर्षी बाई गेल्या.

शोकसभेत त्यांच्या हुशारीबद्दल पुष्कळ लोक बोलले. मला मात्र उरणहून परतीचा रस्ता आठवत होता. द्रोणागिरीच्या गोदामांपाशी कंटेनरची रांग लागलेली, सगळीकडे हॉर्न. आणि शेजारच्या सीटवर, डोकं काचेला टेकून, बाई गाढ झोपलेल्या.