धाकटीच्या वितेचं झाकण

डोंगरावरच्या त्या गावात जो तो हातानं काहीतरी घडवतो. कुणी लाकडाचे चमचे कोरतं, कुणी लोकर विणतं, आणि ज्यांना काहीच जमत नाही ते पाहुण्यांना वाट दाखवतात. बसथांब्यामागच्या उतारावर वेताच्या टोपल्या विणणारी ताई बसते. सगळं गाव तिला ताईच म्हणतं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. खरं तर ती एकाच माणसाची ताई, आणि ते माणूस लग्न होऊन खाली सपाटीवर गेलं त्याला जमाना लोटला.

ताईच्या टोपल्यांना झाकण नसतं. पाहुणे विचारतात तेव्हा तिचं उत्तर ठरलेलं असतं, "तोंड उघडंच बरं. माझं तरी कुठे मिटतं?" लोक हसतात, टोपली घेतात आणि जातात. ते गेले की मात्र तिचं तोंड बराच वेळ मिटलेलं असतं.

आई होती तेव्हा दोघी बहिणी समोरासमोर बसून विणायच्या. टोपली ताईची, झाकण धाकटीचं. मोजपट्टी घरात नव्हतीच. टोपलीचं तोंड धाकटीच्या वितेएवढं ठेवायचं, झाकणही ती त्याच वितेनं बेतायची, की ते वरून टोपीसारखं चपखल बसायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी ताईनं धाकटीला हात पसरायला लावला आणि तेवढी काडी कापून घेतली. तेव्हापासून ती काडी दारामागच्या खिळ्याला आहे आणि ताई प्रत्येक टोपलीचं तोंड तिनंच मापते. झाकणं दुसऱ्या कुणाकडून करून घे, असं शेजारच्या चमचेवाल्यानं एकदा सुचवलं, तर महिनाभर तिनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

फोनवर धाकटी नेहमी येते येते म्हणायची. आधी मुलांच्या परीक्षा आडव्या आल्या, पुढे नातवंडांच्या. ताई म्हणायची, या घराण्यात कुणी एकदाचं पास होत नाही वाटतं. पण फोन ठेवताना न चुकता सांगायची, "तू ये तर खरी. मी झाकणासाठी वेताच्या पट्ट्या भिजवून ठेवते."

यंदा धाकटीच्या सुनेनं सहल काढली आणि सासूला बसमध्ये बसवलं. बस सकाळी येणार, दुपारी निघणार. ताईनं आदल्या दिवशीच पट्ट्या भिजत घातल्या.

धाकटी उतरली ती दोन्ही हात शालीत घेऊन. थंडी वाजते म्हणाली. ताईनं तिला जुन्या जागी बसवलं, पाणी दिलं आणि पट्ट्या पुढ्यात ठेवल्या. गप्पांना काय, हात चालू लागले की त्या आपोआप येतील, असं तिला वाटलं.

धाकटी विणू लागली. गप्पा काही आल्या नाहीत. सून बाजार फिरून आली, तेव्हा कुठे झाकण पुरं झालं. ताईनं ते टोपलीवर ठेवलं, तर ते सरळ आत जाऊन पडलं. ताईला हसू आवरेना. लहानपणी अशी फजिती झाली की दोघी पोट धरून हसायच्या. पण धाकटी हसत नव्हती. ताईनं तिचा हात हातात घेतला. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. पंजा पुरता उघडत नव्हता, वीत कुठून व्हायची?

"कधीपासून?"

"झाली की वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? दर फोनला तू पट्ट्या भिजवत होतीस. वाटलं, हे हात घेऊन तुझ्याकडे येऊन करू काय?"

ताईला आता उमगलं: जिला इतकी वर्षं बोलावत होती, तिला आपणच दाराबाहेर ठेवलं होतं.

"नुसतं बसायला यायचं होतंस," ती म्हणाली. आणखी खूप म्हणायचं होतं, पण बसनं भोंगा वाजवला आणि सून घाई करू लागली. चढ चढताना धाकटीनं दोनदा मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ताईनं ते लहान झालेलं, तिरकं झाकण पुढ्यात घेतलं आणि त्याच्या मापानं टोपली विणली. काडी खिळ्यावरून काढलीच नाही. झाकण बसलं, थोडं डुगडुगत. एका बाईला ती टोपली फार आवडली. ताई म्हणाली, ती विकायची नाही, आणि नेहमीचा विनोद करायला विसरली.

त्या आठवड्यात धाकटीचा फोन आला. सुनेच्या तब्येतीपासून पावसापाण्यापर्यंत सगळं बोलून झालं. फोन ठेवायच्या वेळी ताई सवयीनं म्हणाली, "तू ये तर खरी. मी..." आणि तिथेच अडली.

पलीकडे धाकटी थांबून राहिली होती.

"मी घरीच असते," ताई म्हणाली.