उन्हात ठेवू नये असा मोती

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात नीराबाई हसायला लागली की आजूबाजूच्या बायका हातातली कामं खाली ठेवत. कारण तिचं हसू ऐकणाऱ्यालाही लागायचं. आधी आवाज यायचाच नाही. खांदे हलायचे, डोळ्यांना धार लागायची, आणि मग कुठूनतरी पोटातून असा काही सूर निघायचा की दोन घरं पलीकडे जवळा निवडत बसलेली कोकिळाही, काय झालं ते न कळता, हसत सुटायची. स्वतःच्या लग्नात भटजींना शिंक आली म्हणून नीराबाई अंतरपाटाआड हसली होती. मुहूर्त टळतो की काय, अशी वेळ आली होती म्हणतात.

नवरा भिकू नेमका उलट. स्वतःच्या होडीचा तांडेल, बोलणं मोजकं, चेहरा कायम वाऱ्याकडे. थोरल्या भावाची होडी वादळात गेली तेव्हा आईनं त्याला एका ज्योतिषाकडे नेलं होतं, आणि तिथून तो लाल पोवळ्याची अंगठी घालून आला होता. तेव्हापासून अंगठी कपाळाला लावल्याशिवाय त्यानं होडीत पाय ठेवला नाही. नीराबाई थट्टा करायची. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "जातो तसा परत येतो का न्हाय? मंग झालं."

त्या वर्षी थंडी सरता सरता त्याच्या जाळ्यात एक शंख आला. नारळाएवढा, पिवळट तपकिरी. असल्या शंखाला बाजारात गिऱ्हाईक नाही, म्हणून तो घरी रश्श्यासाठी आला. नीराबाई विळीवर मांस चिरत होती आणि पात्याला काहीतरी टक् करून लागलं. खडा असेल म्हणून तिनं बोटानं चाचपलं, तर बोटांत आला बोराएवढा गोळा. पाण्याखाली धरून पदरानं पुसला. पिकलेल्या पपईचा रंग, आणि असा गुळगुळीत की हातातून निसटू बघत होता. त्याच्याकडे पाहून तिला हसू फुटलं. का, ते तिला आजही सांगता येत नाही.

भिकूनं लांबूनच निकाल दिला. "पिलास्टिकचा मणी हाय. दर्यात आता लोकं काय पन टाकतात. शंखानं गिळला आसंल."

कोकिळा धावत आली होती. ती म्हणाली, "पित्ताचा खडा वाटतो गो. माज्या नंदंला निघाला होता."

"शंखाला पित्त आसतं?" नीराबाईनं विचारलं, आणि मग दोघी पोट धरून हसत राहिल्या. रस्सा करपला.

गोळा तिनं मिसरीच्या रिकाम्या डबीत टाकला आणि डबी फळीवर ठेवली. तो तिथंच राहिला असता. पण सून रचना अलिबागला एका औषधाच्या दुकानात काम करायची, आणि तिला प्रत्येक गोष्ट मोबाईलवर शोधून पाहायची सवय. तिनं दोन संध्याकाळी कसले कसले फोटो पाहिले आणि एके दिवशी सासूला अलिबागच्या सराफाकडे घेऊन गेली.

सराफानं डोळ्याला भिंग लावलं. गोळा इकडून पाहिला, तिकडून पाहिला, दिव्याखाली धरला. मग भिंग काढून म्हणाला, "मी यावर काही बोलणार नाही. मोती असेल, तर असा मोती मी जन्मात पाहिलेला नाही. नसेल, तर इतका सुंदर खोटा कोणी कशाला बनवेल, तेही कळत नाही. मुंबईला खडे तपासायची प्रयोगशाळा आहे. तिथलं प्रमाणपत्र आणा, मग बोलू."

भिकूनं हे ऐकलं आणि जाळं विणता विणता म्हणाला, "मी पन येतो. तुजा मणी बघतील तवा माजं पोवळंबी दावू. खरा खडा कसा आसतो ते त्यांना कळंल तरी."

तर असे तिघं रेवसला लाँचमध्ये चढले. नीराबाईचा जन्म होड्यांत गेलेला, पण होडीत बसून काहीच करायचं नाही, असा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता. ना मासा निवडायचा, ना दोर धरायचा. ती मांडीवर डबी घट्ट धरून बसली आणि मागे उडणाऱ्या पाखरांना लोक वेफर टाकत होते ते बघून खुदुखुदु हसत राहिली. माशांचा वास जावा म्हणून सकाळी दोनदा आंघोळ केली होती, अंबाड्यात अबोलीची वेणी होती.

शेजारी पोयनाडकडची एक म्हातारी बसली होती. बराच वेळ ती त्या डबीकडे बघत होती. शेवटी तिनं हात पुढे केला. "चिमटभर मिसरी दे गो. माजी घरी इसरली."

नीराबाईनं सवयीनं झाकणाला हात घातला. रचनानं तिचं मनगट धरलं. "आई."

नीराबाईनं सुनेकडे पाहिलं, म्हातारीच्या पसरलेल्या तळहाताकडे पाहिलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती इतकी हसली की म्हातारी आधी रागावली, मग गोंधळली आणि शेवटी स्वतःच दात नसलेलं तोंड उघडून हसायला लागली. मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत त्या बाकावर कोणी शहाणं उरलं नव्हतं. भिकू मात्र लांब कठड्याला टेकून पाण्याचा रंग बघत होता.

प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. काचेचं दार, आत गारवा, आणि कशाचाच वास नाही. नीराबाईला ते फार विचित्र वाटलं. टेबलामागे मृणाली नावाची तरुण मुलगी होती. तिनं डबीतला गोळा चिमट्यानं उचलला, आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"मावशी, हा कुठून आणलात?"

"रश्श्यातून," नीराबाई म्हणाली. "पडता पडता वाचला."

मृणालीनं गोळ्याचं वजन केलं, अंगठी दुसऱ्या पाकिटात घातली, पावती करून दिली. नीराबाईनं पावती उलटसुलट पाहिली.

"परत देशील ना गो?"

"देईन, मावशी. पावती आहे ना तुमच्याकडे."

"तो कागद हाय. माजा गोळा तुज्याकडं हाय."

दुपार त्यांनी खाली रस्त्यावर भटकून काढली. वर आले तेव्हा मृणाली दारातच उभी होती. एरवी बाहेरच्यांना आत नेत नाहीत, पण साहेबांना विचारलं आहे, तुम्हाला बघायचंय का, असं तिनं विचारलं. तिघं तिच्यामागून चपला हातात घेऊन गेले. चपला घालून चालतं, असं तिनं सांगितलं तरी त्यांनी घातल्या नाहीत.

आधी अंगठी निघाली. मृणालीनं भिकूला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. ती हळू आवाजात बोलत होती. "काका, आत बघा. काय दिसतं?"

भिकूनं डोळा लावला.

"बुडबुडे हायेत," तो म्हणाला. होडीत पाणी शिरलंय हे सांगावं, तसा.

"काच वितळते तेव्हा आत हवा अडकते. त्याचे ते बुडबुडे. पोवळ्यात असे नसतात, त्यात बारीक रेघा असतात, लाकडात असतात तशा. ही लाल काच आहे, काका."

नीराबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. हसू गळ्यापर्यंत आलं होतं, पण नवऱ्याची पाठ दिसत होती आणि ती पाठ एकदम म्हातारी झाल्यासारखी वाटली. तिनं ते गिळलं.

मग गोळा. "आता तुम्ही बसा," मृणाली म्हणाली आणि दिवा तिरका केला. नीराबाईनं आत पाहिलं. त्या नारिंगी रंगाच्या आत ज्वाळा होत्या. बारीक, रेशमासारख्या, एकात एक गुंतलेल्या. गोळा जरा फिरवला की त्या ज्वाळा पण फिरायच्या.

"क्ष-किरणांनी आतही पाहिलं," मृणाली सांगत होती. "कोणी मणी घालून वाढवलेला नाही. शंखानं स्वतःच्या पोटात, आपल्या मनानं केलेला मोती आहे हा. नैसर्गिक. शिंपल्यातल्या मोत्यासारखी चकाकी याला नसते, याची जातच वेगळी. इथं मी नोकरीला लागल्यापासून असा एकही आला नव्हता."

"मंजे मणी न्हाय?"

"नाही."

"पित्ताचा खडा न्हाय?"

मृणालीला हे अपेक्षित नव्हतं. तिचाच ओठ हलला. तेवढं पुरलं. नीराबाईचा बांध फुटला. ती यंत्राला धरून हसली, रचनाच्या खांद्यावर हसली, मृणाली भिंतीला टेकून हसायला लागली. पलीकडच्या खोलीतून चष्मा लावलेले साहेब बाहेर आले, कोण रडतंय म्हणून विचारायला. थोड्या वेळानं तेही चष्मा काढून डोळे पुसत होते.

निघताना मृणालीनं छापील प्रमाणपत्र दिलं, मोत्याच्या फोटोसकट, आणि बजावलं. "एक सांभाळा, मावशी. याला ऊन लागू देऊ नका. उन्हानं याचा रंग उडतो."

"आगो," नीराबाई म्हणाली, "आमच्या घरात उन्हात ठेवत न्हाय आसं हाय काय? बोंबील उन्हात, जवळा उन्हात, मी उन्हात, ही सून उन्हात."

परतीच्या लाँचमध्ये रचनानं प्रमाणपत्रातलं इंग्रजी मराठीत करून वाचलं. 'नैसर्गिक' हा शब्द नीराबाईनं पुन्हा पुन्हा वाचायला लावला. भिकूनं अंगठी काढून तळहातावर घेतली होती. बोटावर जिथं ती असायची तिथं पांढरा पट्टा पडला होता.

"येवढी वर्सं मी काचंच्या भरवशावर दर्यात जात होतो," तो म्हणाला.

नीराबाईनं पुडीतल्या भेळेतले शेंगदाणे वेचून त्याच्यापुढे धरले. त्यानं ते खाल्ले.

घरी दुसऱ्या दिवसापासून जत्रा. स्वयंपाकघराची खिडकी गोणपाटानं झाकलेली, आत अंधार, आणि नीराबाई डबी घेऊन बसलेली. चार-चार जणांनी आत यायचं, ती मोबाईलचा दिवा लावणार, लोकांनी "अगो बाय" म्हणायचं, दिवा बंद. अंधारात एकमेकींच्या पायावर पाय पडायचे. कोकिळा दारात उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "शंखाच्या पोटातलाच हाय, आसं मीच पयलं बोलली होती."

या सगळ्या गडबडीत होडी किनाऱ्यावरच होती. भिकू आज इंजिन बघायचंय म्हणाला, उद्या जाळं फाटलंय म्हणाला, परवा वारा बरा नाही. मुलगा निकेश वाऱ्याकडे बघून आईकडे बघायचा. वारा चांगला होता.

एका सकाळी नीराबाईनं डबी नवऱ्यापुढे ठेवली. "ह्यो घ्या. अंगठीत बसवून टाका. ह्यो तर खरा हाय, शिक्का मारलेला."

भिकूनं डबी उघडली, मोत्याकडे पाहिलं आणि झाकण लावलं. "ह्याला ऊन सोसत न्हाय," तो म्हणाला. "दर्यात नेऊन करू काय? मी ह्याला टोपी घालू?"

तो उठला, निकेशला हाक मारली आणि दोघं होडीकडे गेले. कपाळाकडे हात गेला, बोट रिकामं आहे हे कळलं, तेव्हा त्यानं त्याच हातानं कान खाजवला आणि होडीत चढला.

इतकी वर्षं त्या अंगठीची थट्टा करणारी नीराबाई त्या दिवशी एका जागी बसली नाही. बोंबील वाळत घातले, वाळायच्या आत उचलले, पुन्हा घातले. चहात मीठ टाकलं आणि तो चहा पिऊनही टाकला. कोकिळेनं विनोद केला तर तिच्यावर खेकसली. दुपार कलली तशा होड्या खाडीच्या तोंडाशी दिसायला लागल्या. एक आली, दुसरी आली, मग आणखी. भिकूची नव्हती. नीराबाई वाळूत उतरली, मग पाण्यात, मग गुडघाभर पाण्यात.

शेवटी कोर्लईच्या डोंगराच्या अंगानं ती आली. भिकू पुढच्या टोकाला उभा होता आणि त्यानं रिकाम्या बोटाचा हात वर केला होता. जवळ आल्यावर तो ओरडून म्हणाला, "मांदेली हाय, बोंबील हाय. पोवळं लागलं न्हाय."

नीराबाई कमरेभर पाण्यात उभी होती, लुगडं भिजलेलं, आणि तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय हे किनाऱ्यावरच्यांना कळेना. मग आवाज आला आणि कळलं. आणि त्यात दुसरा आवाज मिसळला, तो कोणाचा ते ओळखायला लोकांना वेळ लागला. भिकू तांडेल हसत होता. होडीच्या काठाला धरून, डोळे मिटून, अगदी बायकोच्याच सुरात. निकेश वल्हं सोडून बापाकडे बघत राहिला, आणि होडी आपली आपणच वाळूला लागली.

मोती पुढे दिवाळीच्या सुमारास विकला. अलिबागच्या सराफानंच गिऱ्हाईक आणलं, मुंबईची एक बाई. ती हातमोजे घालून आली होती आणि नीराबाईनं तिला आधी बोंबलाचं कालवण खायला लावलं, मग मोती दाखवला. होडीचं इंजिन बदललं, घरावर नवे पत्रे आले. आणि नीराबाईनं स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. तिला विमानात बसायचं होतं, कुठंही जाणाऱ्या.

गोव्याची तिकिटं काढली, कोकिळेचंही. विमान उठलं तेव्हा नीराबाईनं कोकिळेचा हात इतका आवळला की बांगडी फुटली, आणि मग दोघी अशा हसत सुटल्या की हवाईसुंदरी पाणी घेऊन आली. भिकूला खिडकी मिळाली होती. खाली किनारा उलगडत होता. त्यानं काचेला कपाळ टेकवलं आणि ही धरमतरची खाडी, हा कुलाबा किल्ला, हे आपलं रेवदंडं, असं सांगायला लागला. दिवेआगरच्या वाड्या येईपर्यंत त्याचा आवाज चांगलाच चढला होता. कुठल्या खडकाला भरतीत किती अंतरावरून वळसा घालायचा, ते तो आता पुढच्या रांगेतल्या सुटाबुटातल्या माणसाला समजावून सांगत होता, आणि तो माणूस मान वळवून नीट ऐकून घेत होता.