मी मधू पेंटरची दारू होतो

मधू पेंटरने मला माझ्या हौशी रंगभूमीच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा रोल दिला. त्याच्या दारूचा. "तुझा आवाज गोड आहे," तो म्हणाला, "आणि भरवशाचा अजिबात नाही. दुसऱ्या कुणाला शोधू?"

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले निम्मे बोर्ड एके काळी मधूच्या हातचे होते. सकाळी हात थरथरायचा, म्हणून एक घोट. मग अक्षर असं बसायचं की बघत राहावं. एक सिंधी शेठ म्हणायचे, "साईं, तू लिखता सीधा है, चलता टेढ़ा है." मधू यावर खूश! पुढे लिहिणंही वाकडं झालं. कामं गेली, बायको त्याला रिक्षात घालून घरी आणू लागली. शेवटी एकदाचा तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि बाहेर आल्यावर चामटोलीत गावच्या घरी गप्प बसून चित्रं काढू लागला.

त्याची मुलगी रूपाली अॅनिमेशन शिकली आणि तिने बापावरच माहितीपट करायला घेतला. "अॅनिमेशनच कशाला?" मी विचारलं.

"अरे, मी गटारात पडलेला असताना फोटो कुणी काढला?" मधू म्हणाला. "चित्रच काढावं लागणार ना!"

आणि ते त्यानेच काढलं. रूपालीने आधी बाप चांगला सडपातळ रंगवला होता. मधूने पोट वाढवलं, शर्टाची बटणं तोडली, गटार रुंद केलं. पोरगी म्हणाली, "बाबा, पुरे." तर म्हणे, "खोटं बोलायला मला बाटली लागायची. आता ती सोय राहिली नाही."

हल्ली ही फिल्म कुठे कुठे दाखवतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मी शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसालाही सांगतो, "ती दारू मी!" माणूस जरा सरकून बसतो. सरकू दे. माझी फुगलेली छाती काही कमी होत नाही.

रेकॉर्डिंग रूपालीच्या बदलापूरच्या फ्लॅटमध्ये झालं. आवाज घुमू नये म्हणून कपाटाला आतून गोधड्या लावल्या होत्या, त्यात मी, स्वतःचाच आवाज देणारा मधू आणि एक माइक. मी खलनायकी हास्याने सुरुवात केली. मधूने कपाळाला हात लावला.

"ओरडतोस काय? दारू कधी ओरडत नाही. बायको ओरडते, शेठ ओरडतो. ती एकटीच म्हणते, दमलास रे, बस जरा."

मग मला सूर सापडला. प्रसंग होता केंद्रातून सुटल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळचा. कागदावरची वाक्यं मी सोडूनच दिली. "मधू, हात बघ कसा हलतोय. एवढा मोठा कलाकार, आणि रेघ ओढता येईना? मी आहे ना. एकच घोट." आता मधूचं लांबलचक बाणेदार उत्तर होतं. ते न देताच तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला.

रूपाली बाल्कनीत धावली. तो नाक्याकडे चालला होता, आणि नाक्यावर वाईन शॉप आहे हे बदलापुरात कुणाला सांगायला नको. मी जिन्याकडे निघालो.

"काका, बसा," ती म्हणाली. "मागे कुणी गेलं की ते नक्की पितात." स्वतः मात्र ती कठड्यापासून हलली नाही. आयुष्यात प्रथमच मला माझ्या अभिनयाची भीती वाटली.

बऱ्याच वेळाने बेल वाजली. मधू. हात रिकामे.

"कुठे होतास रे?"

"दुकानात. रांगेत उभा राहिलो, नंबर आला. दुकानदार म्हणाला, काय देऊ? तेव्हा माझ्या तोंडून माझं उत्तर निघालं. कागदावरचं भाषण फेकून दे, फार भारी आहे ते. चल, विसरायच्या आत घे."

आम्ही पुन्हा कपाटात शिरलो. माझा आवाज चाचरत होता; त्यानेच मला कोपर मारून हुकूम केला, "नीट पटव!" मी जीव तोडून पटवलं. मधूने ऐकून घेतलं, आणि दारात आलेल्या विक्रेत्याला परतवावं तितक्या साधेपणाने म्हणाला, "आज नको."

कपाटाबाहेर रूपालीने नाक पुसलं. "बाबा, मस्त. अजून एक टेक देता?"

"उद्या घे," मधू म्हणाला. "उद्याही मला हेच म्हणायचंय."