मिस्तरींची सही

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एके दिवशी प्लास्टिकच्या चटया बनवणारे एक कारखानदार तावातावाने माझ्यासमोर येऊन बसले. मूळचे फैजपूरकडचे, केळीच्या बागा असलेल्या घरातले. त्यांच्या चटईचा लाल रंग उन्हात विटत नसे आणि त्यावरच त्यांचा धंदा उभा होता. रंगाचे मिश्रण एका वहीत लिहिलेले होते. ते बाहेर फुटू नये म्हणून त्यांनी प्रत्येक कामगाराकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेतली होती. आता अगदी त्याच रंगाची धुळ्याची चटई बाजारात आली होती.

"साहेब, ती वही दोघांच्याच हातातली. एक मी, दुसरा माझा मिस्तरी. तो दिवाळीनंतर भांडून काम सोडून गेला. आणखी काय पाहिजे?"

करार मोडणे हा तसा दिवाणी मामला. पण वहीची नक्कल चोरून विकल्याचा आरोप असल्याने मी फिर्याद नोंदवून घेतली. दोन दिवसांत खबऱ्याने बातमी आणली की धुळ्याच्या त्या कारखान्यात रंग कालवायच्या खोलीत भिंतीला एक हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. तिथल्या पोलिसांना सोबत घेऊन आम्ही छापा घातला, पंचनामा केला आणि कागद जप्त केला. "मोबाइलवर आलं होतं, ते उतरवून घेतलं, कोणाकडून ते आठवत नाही," एवढेच तिथला मालक सांगत राहिला. फिर्यादीने कागद पाहिला आणि मान डोलावली. मजकूर त्यांच्याच वहीतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरींना घरून आणले. साठीचे मुसलमान गृहस्थ, तीस वर्षे रंग कालवून नखांच्या कडा कायमच्या लाल झालेल्या. नवे काम शोधत होते. अटक झाली असती तर वसाहतीतल्या एकाही गेटवर त्यांना कोणी उभे केले नसते, हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. मी कागद पुढे सरकवला.

"यातला मजकूर तुम्ही दिलात?"

त्यांनी तो नीट वाचला आणि परत ठेवला. "मी नाही दिला, साहेब."

"मग यात लिहिलंय ते बरोबर आहे की चूक, एवढं तरी सांगा."

ते गप्प. मी तीन-चार वेळा विचारले, टेबलावर हात आपटला, शेवटी एकेरीवर आलो. तेव्हा ते म्हणाले, "मी दस्तखत केली आहे, साहेब. बरोबर म्हटलं तरी बात फुटली, चूक म्हटलं तरी फुटली."

मला तो माज वाटला. खरे सांगतो, निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, गयावया करतो, अशी माझी पक्की समजूत होती. हा शांत बसला आहे म्हणजे यानेच केले, असे मी ठरवून टाकले. दुपारपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवले आणि हवालदाराला अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

हवालदार शिंदखेड्याचा, कामाला सावकाश, पण नजर बारीक. जप्त कागदाची नक्कल उतरवताना तो थांबला. "साहेब, आठे येक आकडाच नही शे."

खरेच, तिथे एक आकडाच नव्हता. चौथ्या ओळीत पदार्थाचे नाव होते, पुढची जागा रिकामी. धुळ्याच्या मालकाला फोन लावला तर म्हणाला, "तेवढं आम्ही अंदाजानं टाकतो. म्हणून तर माल उन्हात विटतोय, परत यायला लागलाय." मी फोन ठेवला आणि बाकाकडे पाहिले. ज्याने तीस वर्षे ते मिश्रण कालवले, तो विकायला निघाला असता तर आकडा गाळून कशाला विकेल?

फिर्यादीला मूळ वही घेऊन बोलावले. चौथ्या ओळीच्या शेवटी कुंकवाचा जाड ठिपका वाळून बसला होता. खालचा आकडा दिसत नव्हता.

"हे काय आहे, भाऊ?"

"दसऱ्याचं आहे साहेब. यंत्रांची पूजा करतो, तेव्हा वहीपण उघडून पाटावर ठेवतो. तिच्यावर तर सगळं चालतं."

"फोटो काढला होता?"

त्यांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "स्टेटसला ठेवला होता. सगळेच ठेवतात."

फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये निघाला. मोठा करून पाहिला तर कुंकवाखालचा तो आकडा सोडून अक्षर न अक्षर वाचता येत होते. त्यांचा नंबर निम्म्या बाजाराकडे होता. धुळ्याच्या मालकाला हे सांगितल्यावर त्यानेही त्या फोटोवरूनच उतरवल्याची कबुली दिली. गड्यामाणसांकडून सह्या घेणाऱ्या मालकाने स्वतःच गुपित चव्हाट्यावर मांडले होते.

कारखानदारांनी मिस्तरींचे हात धरले, कामावर परत या म्हणाले. मिस्तरी म्हणाले, "ते नंतर बघू." मग माझ्याकडे वळले. "साहेब, सकाळी तुम्ही मला जीपमध्ये बसवलं ते सगळ्या मोहल्ल्यानं पाहिलं. आता सोडायलाही जीपमधूनच न्याल का? उजेड आहे तोवर."

मला मान वर करता येईना. त्यांना पुढच्या सीटवर बसवले आणि मी स्वतः गेलो. मोहल्ल्याच्या तोंडाशी लोक जमले. खाली उतरून सगळ्यांसमोर सांगितले, "चाचांचा काही दोष नाही. चूक माझी झाली." नोकरीत मी पुष्कळ बोललो, पण इतके जड वाक्य दुसरे नव्हते. मिस्तरींनी खांद्यावरचा रुमाल झटकला आणि ते घराकडे चालू लागले.

त्या दिवसापासून गप्प बसलेल्या माणसाला मी गुन्हेगार धरले नाही. आणि एक शिकलो, पोलिसाची चूक स्टेशन डायरीत नोंदवून मिटत नाही. ज्या दारातून माणूस उचलला, त्या दारात उभे राहूनच ती कबूल करावी लागते.