सतरा हजार किलोमीटर उडून आलेल्या वहिनी

"शालू गेली गा…" सकाळी सव्वासातला दादाचा फोन. मी अर्धवट झोपेत म्हणालो, "आता कुठं गेल्या वहिनी? कालच तर आल्या!" दादा पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा कळलं.

आदल्याच पहाटे मी शालूवहिनींना विमानतळावरून नागपूरच्या दक्षिण टोकाला, बेसाच्या घरी सोडलं होतं. लेकीच्या, पल्लवीच्या बाळंतपणासाठी ऑकलंडला पाच महिने राहून त्या परतल्या होत्या. गाडीभर नातवाचंच कौतुक. आणि दुसऱ्या सकाळी चहाचं आधण ठेवून ओट्यापाशीच खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. महिना झाला, मला अजून हे खरं वाटत नाही.

चौसष्ट वर्षांत वहिनी कधी विमानात बसल्या नव्हत्या. तिकीट निघालं तेव्हा मी त्यांना मोबाइलवर नकाशा दाखवला. नागपूरहून दोहा साडेचार तास. तिथून ऑकलंड साडेचौदा हजार किलोमीटर, सोळा तासांच्या वर एकाच बैठकीत. नकाशावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी पूर्वेले राह्यते, अन् हे विमान मले पश्चिमेले काहून नेऊन राहिलं?" सरळ अंतर बाराच हजार आहे, पण सरळ विमान नाही, असं मी सांगितलं. "म्हणजे गांधीबागेतून जरीपटक्याले जायचं, अन् पहिले बेस्याले या!" गांधीबाग शहराच्या मधोमध, जरीपटका उत्तरेला, बेसा दक्षिणेला. खूप हसल्या. गुडघ्यामुळे दादाला जाणं शक्य नव्हतं आणि बायकोनं एकटीनं जावं हे त्याला पटत नव्हतं. "तिथं लेक एकटी हाय," एवढंच बोलून त्या बॅग भरायला लागल्या. दोह्याहून मला फोन आला, "गेट सापडलं, भाऊजी. कोणाले विचारलं बी नाही."

त्या सकाळी मी पल्लवीला फोन लावून सांगितलं. बाळाचा पासपोर्ट अजून आला नव्हता, ते अंगावर पिणारं. आज निघाली असती तरी एक दिवसाहून जास्त प्रवासातच गेला असता. बाहेर मंडळी विचारत होती, कधी न्यायचं? शेवटी तीच म्हणाली, "काका, थांबू नका. आईले बर्फावर ठेवू नका… फक्त फोन तिच्या कानापाशी धरा." मी धरला. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. तोंड भिंतीकडे फिरवून उभा होतो.

ऑकलंडला जाण्याआधी रोज दुपारी बाराला, तिकडे संध्याकाळ झाली की, वहिनी मागच्या दाराच्या पायरीवर बसून लेकीशी बोलत. तिथं रेंज चांगली येते. दादा आतूनच ओरडायचा, "मी बरा हाय म्हणा तिले." त्याहून जास्त तो फोनवर कधी बोललाच नाही. परवा बाराच्या सुमारास गेलो, तर घरात कोणी दिसेना. स्वयंपाकघरात ताट झाकून ठेवलेलं. दादा मागच्या पायरीवर, दुखरा गुडघा लांब करून, फोन दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"पोरगं झोपलं का वं? …अन् तू जेवली?"